आधी त्याला फाटकापासून हलवा

प्रश्न : आमचा शेरा तीन वर्षांचा रॉटवायलर आहे. आम्ही अकोल्यात राहतो. कॉलनीत लागोपाठ दोन घरफोड्या झाल्या तेव्हा यजमानांनी त्याला ४५ दिवसांचा असताना आणला. घरच्यांवर त्याचा फार जीव आहे, सासूबाईंच्या खाटेखाली झोपतो. पण अनोळखी माणूस दिसला की अंगावर धावतो. दिवसभर तो फाटकाजवळ टिनाच्या शेडखाली साखळीला असतो आणि रात्री घरात-आवारात मोकळा. तीन आठवड्यांपूर्वी सिलिंडर घेऊन आलेल्या भाऊंच्या पोटरीला त्याचा दात लागला. त्यांनी इंजेक्शने सुरू केली, पण आता ते सिलिंडर शेजारीच ठेवून जातात. मे लागल्यापासून शेरा दुपारभर धापा टाकतो, भाकरीला तोंड लावत नाही. परवा माझा नऊ वर्षांचा मुलगा त्याला पाणी ठेवायला गेला, तर त्याच्यावरही गुरगुरला. यजमानांचे मित्र म्हणतात, गुरगुरला की काठी हाणा. दीर म्हणतात, या जातीवर सरकारची बंदी आहे, शेतावर नेऊन बांधा. सासूबाई ऊन बाधू नये म्हणून त्याच्या भाकरीत कांदा कुस्करून घालतात. मी त्याला मुसके घालून ठेवू का? की देऊन टाकू? रात्र रात्र झोप लागत नाही.

– एक वाचक, अकोला

ताई, बाकी सगळे सांगण्याआधी एक : कांदा आजच बंद करा. सासूबाईंच्या मनात माया आहे, आणि वऱ्हाडात उन्हात निघालेल्या माणसाच्या खिशात कांदा ठेवणारी माझी आजीही होती. पण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी कांद्याने फुटतात. कच्चा, शिजवलेला, वाळवलेला, कसाही असला तरी. लसणाचेही तेच. असे रोज थोडे थोडे पोटात गेले की अंगातले रक्त कमी होत जाते, आणि असा कुत्रा उन्हाळ्यात जास्तच धापा टाकतो. सासूबाईंना द्यायचेच असेल तर पातळ, बिनमिठाचे वाटीभर ताक देऊ द्या. त्यांची माया त्याच्या पोटात गेलीच पाहिजे, फक्त वाट बदला.

आता मूळ गोष्ट. तुम्ही पत्रात दोन तक्रारी वेगवेगळ्या लिहिल्या आहेत, परक्यांवर धावणे आणि ऊन सोसत नसणे. मला दोन्हींच्या मुळाशी एकच जागा दिसते, ती फाटकाजवळची टिनाखालची साखळी. तिथून त्याला हलवल्याशिवाय मी पुढे सांगेन त्यातले काहीही लागू पडणार नाही.

त्या जागेवर दिवसभर काय होते ते त्याच्या बाजूने बघा. सकाळी दूधवाला येतो, शेरा भुंकतो, दूधवाला जातो. कुरिअरवाला येतो, शेरा साखळीला हिसका देतो, तो पाकीट टाकून जातो. ही माणसे आपापल्या कामाने जाणारच असतात, पण शेराला हे कोण सांगणार? त्याच्या डोक्यात हिशेब पक्का बसलाय : मी धावलो म्हणून तो पळाला. तीन वर्षे, रोज सात-आठ वेळा, हा धडा त्याने गिरवला आहे. त्यात साखळीमुळे त्याला मागे सरकायला जागा नाही, जवळ जाऊन हुंगून ‘हा माणूस बरा आहे’ असे ठरवायचीही सोय नाही. बांधलेल्या कुत्र्याला भीती वाटली तर त्याच्याकडे एकच मार्ग उरतो. सिलिंडरवाले भाऊ साखळीच्या टप्प्यात आले आणि तो मार्ग त्याने वापरला.

राखणीचा स्वभाव त्याच्या रक्तात आहे, हे खरे. दक्षिण जर्मनीतल्या रॉटवाइल गावच्या खाटकांनी गुरे हाकायला आणि पैशांची राखण करायला ही जात पाळली होती. अशा कुत्र्याला परका माणूस म्हणजे शत्रू नव्हे, हे शिकवायचा खरा काळ तीन आठवड्यांपासून साधारण तीन महिन्यांपर्यंतचा. तुमच्याकडे तो ४५ दिवसांचा आला, आणि माझा अंदाज आहे की लसी पूर्ण होईपर्यंत त्याला घराबाहेर नेलेच नसेल. बहुतेक घरांत असेच होते. त्या काळात कडेवर घेऊन रोज फाटकाबाहेर उभे राहिले असते, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हातून एखादा घास दिला असता, तरी फरक पडला असता. तो काळ गेला. याचा अर्थ शेरा आता कधीच सगळ्यांचा लाडका होणार नाही. पण परक्याला बघून स्वतःला आवरायला तो शिकू शकतो, आणि तुम्हाला तेवढेच हवे आहे.

आता उन्हाचे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजाच्या गाद्यांना थोडी ओल सुटते, बस. जीभ बाहेर काढून तो धापा टाकतो तेव्हा जिभेवरची आणि नाका-घशातली ओल उडते आणि रक्त थंड होते. तुमच्या घरच्या कुलरची ओली ताटी जे काम करते, तेच. निरोगी कुत्र्याचे तापमान १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट असते, म्हणजे ३८ ते ३९ सेल्सिअसच्या आसपास. अकोल्यात बाहेर ४४-४५ अंश असतात तेव्हा हवाच त्याच्या अंगापेक्षा गरम असते. सावलीत बसूनही अंगाला गरमच हवा लागते. त्यावर टिन. दुपारी दोनला त्या पत्र्याखाली जमिनीपासून हातभर उंचीवर, म्हणजे शेराचे डोके असते तिथे, दहा मिनिटे बसून बघा. आणि तो काळा, ४५-५० किलोचा, दुहेरी केसांचा.

अशा अवस्थेतला जीव चिडचिडा होणार नाही तर काय होईल? लू चालू असताना रिक्षा स्टँडवर माणसेही लवकर हमरीतुमरीवर येतात. तुमच्या मुलावर तो गुरगुरला, त्याने तुम्ही घाबरलात, ते बरोबरच आहे. पण गुरगुरणे ही त्याची भाषा आहे. ‘मला जमत नाहीये, जवळ येऊ नकोस’ एवढे त्याने सांगितले आणि तो थांबला. त्यावर काठी हाणली तर तो गुरगुरायचे सोडून देईल. मग पुढच्या वेळी सूचना न देता थेट चावेल. ‘काही न करता एकदम चावला हो,’ म्हणत मालक जी कुत्री दवाखान्यात आणतात, त्यांच्यात गुरगुरण्याबद्दल मार खाल्लेली मी पुष्कळ पाहिली आहेत. त्या मित्रांचा सल्ला कृपा करून ऐकू नका.

मुलापुरता नियम मात्र कडक हवा. शेराला पाणी-जेवण मोठ्यांनीच द्यायचे, तो झोपलेला किंवा धापा टाकत असताना मुलाने जवळ जायचे नाही, आणि दोघे एका खोलीत असतील तेव्हा तुमच्यापैकी एक जण तिथे हजर पाहिजे. हा नियम उन्हाळा संपला तरी चालू ठेवा.

मुसक्याबद्दल तुम्ही विचारले ते बरे झाले. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात, मे महिन्यातच, दुपारी दोनच्या सुमारास एक अल्सेशियन रिक्षातून दवाखान्यात आणला होता. लस टोचायची होती. चावेल म्हणून मालकाने त्याचे तोंड सुताच्या पट्टीने गच्च बांधले होते. मी पट्टी कापली तेव्हा जीभ जांभळी पडलेली, लाळ दोरीसारखी चिकट. थर्मामीटरचा पारा शेवटच्या रेघेपर्यंत गेला. आम्ही तासभर पाणी ओतत राहिलो. तो वाचला नाही, आणि मालक भिंतीला टेकून एवढेच म्हणत होते, ‘चावू नये म्हणूनच तर बांधलं होतं.’ तोंड मिटवणारे कापडी किंवा नायलॉनचे मुसके म्हणजे कुत्र्याची ताटीच बंद करणे. उन्हाळ्यात ते पाच मिनिटेही नको.

टोपलीसारखे जाळीचे मुसके मिळते, ते घ्या. आत त्याला पूर्ण जबडा उघडून धापा टाकता आल्या पाहिजेत, पाणी पिता आले पाहिजे. ते दवाखान्यात नेताना आणि फिरवताना वापरायचे, घालून एकटे सोडायचे नाही. आणि पहिल्याच दिवशी तोंडावर चढवू नका. आठवडाभर त्या टोपलीच्या तळाशी उकडलेल्या कोंबडीचा तुकडा ठेवा आणि त्याला स्वतःहून नाक आत घालू द्या. मग क्षणभर पट्टा लावा, काढा. पुढे थोडा जास्त वेळ. बक्षीस त्यातच मिळते हे कळले की मुसके दिसताच तो शेपूट हलवत येईल.

तर जागा बदलायची म्हणजे काय करायचे? सकाळी नऊ ते संध्याकाळी सात शेरा घरात राहील, फाटक न दिसणाऱ्या खोलीत, कुलरच्या झोतात. खिडकी किंचित उघडी ठेवा, नाहीतर खोली दमट होते आणि कुलरही चालत नाही, धापाही लागू पडत नाहीत. (कोकणातल्या किंवा मुंबईतल्या वाचकांनी हे लक्षात घ्यावे : तुमच्याकडे ३४ अंशांतही कुत्र्याला ऊन लागते, कारण दमट हवेत जिभेवरची ओल उडत नाही. तिथे पंखा किंवा एसी, कुलर नको.) फरशीवर ओले पोते अंथरा, पोट टेकवून पडायला त्याला ते आवडेल. पाणी मातीच्या जड परातीत, दोन ठिकाणी. केस भादरू नका. ते ऊन अडवतात. फक्त आतली मेलेली लव रोज विंचरून काढा. फिरणे पहाटे साडेपाचला आणि रात्री नऊनंतर. निघण्याआधी रस्त्यावर तळहाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवून बघा, तुम्हाला टेकवत नसेल तर त्याचे पंजेही पोळतील. मुख्य जेवणही रात्रीच द्या. दुपारी त्याने खाल्ले नाही तर त्याच्या मागे लागू नका.

सासूबाईंच्या खाटेखालची जागा त्याने आधीच निवडून ठेवली आहे, दिवसाही तीच देऊन बघा.

तरीही एखाद्या दिवशी त्याला ऊन लागलेच, तर ओळखायचे कसे? धापांचा आवाज खरखरीत होतो, जीभ टोकाला चमच्यासारखी रुंद होते, हिरड्या विटकरी लाल दिसतात, लाळ घट्ट होते, चाल डगमगते, उलटी किंवा जुलाब होतात. असे दिसले की आधी पाणी, मग दवाखाना. गच्चीवरच्या टाकीचा नळ सोडू नका, मे महिन्यात दुपारी त्याला चहाचे पाणी येते. माठातले, जमिनीखालच्या टाक्यातले, काही नसेल तर कुलरच्या टाकीतले पाणी मग्ग्याने मानेवर, पोटावर, जांघेत ओतत राहा आणि समोर पंखा लावा. अंगावर ओले पोते टाकून ठेवू नका, त्याखाली वाफ कोंडते. खाली चालते, वर नको. गुदद्वारातून घेतलेले तापमान १०४ च्या वर असेल तर ती तातडीची वेळ आहे. १०३ वर आले की पाणी ओतणे थांबवा, आणि तो उठून बसला तरी दवाखान्यात न्याच. मूत्रपिंडाचे नुकसान दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उघडे पडते.

परक्यांचे शिकवणे लगेच सुरू करू नका. आधी पंधरा दिवस त्याला फाटकावर धावायची संधीच मिळू देऊ नका. फाटकाच्या खालच्या जाळीला हिरवी शेडनेट बांधा, म्हणजे मोकळा असताना रस्त्यावरचे पाय दिसणार नाहीत. घंटेचे बटण आणि पत्रपेटी बाहेरच्या खांबावर घ्या, दुधाची पिशवी अडकवायला हूक लावा. ‘कुत्र्यापासून सावध राहा’ ही पाटी हवीच, पण रात्री शेरा मोकळा असताना फाटकाला आतून कुलूपही हवे.

मग एखादा समजूतदार, मोठा माणूस मदतीला घ्या, लहान मूल नव्हे. पहाटेच्या गारव्यात, शेराच्या पाठीवर पट्ट्यांचा साज (हार्नेस), दोरी तुमच्या यजमानांच्या हातात, कारण त्याचे वजन तुम्हाला आवरणार नाही. तो माणूस रस्त्याच्या पार टोकाला, पन्नास-साठ पावलांवर, आडवा चालत जाईल. तुमची नजर त्या माणसावर नको, शेरावर ठेवा. त्याने माणूस पाहिला की आधी कान पुढे वळतात. मग उघडे तोंड मिटते. मग वजन पुढच्या पायांवर जाते, छाती किंचित खाली येते. कान वळले आणि तोंड मिटायचे आहे, त्या सेकंदालाच घास तोंडापाशी गेला पाहिजे. माणूस दिसतोय तोवर घास येत राहतील, माणूस आडोशाला गेला की घास बंद. असे सात-आठ वेळा, पाच मिनिटांत आटपा.

तो भुंकला किंवा घास नाकारला, तर याचा अर्थ अंतर कमी पडले. रागावू नका, वीस पावले मागे जा. काही दिवसांनी एक वेळ अशी येईल की माणूस दिसताच शेरा मान वळवून यजमानांच्या हाताकडे बघेल. ते एकदा झाले की पाच पावले पुढे सरका. घाई केलीत तर महिनाभराचे काम एका सकाळी वाया जाते. फाटकापर्यंत पोचायला तुम्हाला पावसाळा उजाडेल, दिवाळीही उजाडेल, त्याचे वाईट वाटून घेऊ नका.

पाहुणे आले तर शेरा आतल्या खोलीत, दार लावून, चघळायला काहीतरी देऊन. ‘काही करत नाही तो’ म्हणत कुणालाही त्याच्यासमोर उभे करू नका. त्याला सगळ्यांना भेटवलेच पाहिजे असे मुळीच नाही.

हे सगळे सुरू करण्याआधी एकदा तपासणी करून घ्या. दुखणारा कुत्रा चिडतोच. रॉटवायलरच्या कमरेचे आणि कोपराचे सांधे पुष्कळदा बिघडलेले असतात. कानातले इन्फेक्शन, थायरॉइड, आणि आपल्याकडे हमखास असणारा गोचीड ताप हेही बघायला हवे. कांदा किती दिवस पोटात गेला आहे ते सांगून रक्तही तपासून घ्या. पशुवैद्यक विद्यापीठाची स्नातकोत्तर संस्था तुमच्या अकोल्यातच आहे, तिथे दाखवता येईल. आणि मन शांत करणारी औषधे लागली तर डॉक्टर देतील, त्यात कमीपणा नाही.

दिरांना सांगा, २०२४ च्या मार्चमध्ये केंद्राने २३ जातींबद्दल राज्यांना पत्र पाठवले होते, त्यात रॉटवायलर होता. एप्रिलमध्ये कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी ते रद्द ठरवले. महापालिकेत नोंदणी आणि दरवर्षीची रेबीजची लस मात्र चुकवू नका. आणि कायदा तुमच्यावर जबाबदारी टाकतोच : पाळलेल्या जनावरापासून माणसाला इजा होणार नाही याची काळजी घेतली नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तसेच कुत्र्याला अवाजवी वेळ आखूड साखळीला बांधून ठेवणे आणि त्याला फिरायला न नेणे, हेही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात बसते. शेतावर नेऊन बांधायचा विचार म्हणूनच सोडा. तिथे साखळी हीच, ऊन हेच, आणि जवळ माणूसही नाही. शेतात कामाला आलेल्या बाईच्या अंगावर तो गेला तर तिला सोडवणार कोण?

देऊन टाकू का, हे तुम्ही विचारलेत. मी आज ‘ठेवा’ म्हणेन. त्याने आजवर सूचना देऊनच पाऊल उचलले आहे, घरात तो सासूबाईंच्या खाटेखाली निवांत झोपतो, आणि चावला तो एकदाच, बांधलेला आणि तापलेला असताना. जागा बदलून, तपासणी होऊन, गारवा मिळूनही तो घरातल्या माणसावर किंवा मुलावर धावला, तर मात्र माझे उत्तर बदलेल. तेव्हा लाज न बाळगता मला परत लिहा. पण चावल्याचे लपवून त्याला दुसऱ्याच्या दारात कधीच बांधू नका.

राहता राहिले सिलिंडरवाले भाऊ. चावून तीन आठवडे झाले आणि शेरा ठणठणीत आहे, म्हणजे रेबीजची धास्ती त्यांना आणि तुम्हाला उरलेली नाही. चावल्यानंतर दहा दिवस कुत्रा नीट राहिला की ती शंका मिटते. (पुढे कधी कुणालाही दात लागला तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा, कुत्र्याला लस दिलेली असली तरी.) पण इंजेक्शनांच्या फेऱ्यांत त्यांचे किती रोज बुडाले असतील? आज त्यांना फोन करा, खर्च आणि बुडालेली मजुरी विचारा आणि देऊन टाका. आणि सांगा, भाऊ, पुढच्या वेळी यायच्या आधी दहा मिनिटे मिस्ड कॉल द्या, शेरा आतल्या खोलीत असेल आणि खोलीची कडी मी स्वतः लावलेली असेल.